पाच हात इंग्रजी

मला इंग्रजी येत नव्हतं असं आमच्या गल्लीत कोणी म्हणत असेल, तर ते साफ खोटं आहे. इंग्रजी मला येत होतं. वेळ येत नव्हता. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा पेपर, पाच प्रश्न आणि तीन तास. पैकी तीन प्रश्न मी असे लिहीत असे की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं. उरलेले दोन विद्यापीठाने माझ्या वतीने समजून घ्यावेत, एवढीच माझी अपेक्षा होती. विद्यापीठाने ती दोन वर्षं पुरी केली नाही.

पहिल्या वर्षीचा दोष मात्र माझ्या नोकरीचा. मी तहसील कचेरीत कारकून. नऊ वर्षं रोज कागदाला समास सोडायचा, वर विषय, त्याखाली संदर्भ, शेवटी रेघ ओढून टिपण साहेबांपुढे ठेवायचं. हाताला वळण लागतं हो! लोकशाहीवरचा निबंध मी सुंदर लिहिला, त्याखाली रेघ मारली, ‘आदेशार्थ सादर’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य घातलं आणि तारखेसकट सही ठोकली. परीक्षेच्या कागदावर नाव लिहिणं हा गुन्हा असतो म्हणे. आमचे हेडक्लार्क शालिग्रामभाऊ म्हणाले, “श्रीकांत, अरे, सही केली ते केली, शिक्का नाही मारला हे नशीब समज.”

दुसऱ्या वर्षी सही टाळली, पण सही टाळायची आहे हे आठवण्यातच इतका वेळ गेला की शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले.

आता तुम्ही म्हणाल, कारकुनाला बी. ए. कशाला हवं? मला हौस नव्हती. मला मलकापूरला जायचं होतं. मलकापुरात माझी बायको राहत होती.

मलकापूर काही विलायतेत नाही. सकाळी गाडीत बसलं, भुसावळला गाडी बदलली, की दुपारच्या जेवणाला माणूस तिथे. पण सुमन तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण, मी बऱ्हाणपुरात कारकून. लग्न झालं तेव्हा दोन्ही गावं एकाच राज्यात होती. तिच्या बदलीचा अर्ज गेला होता, त्यावर शेरे पडले होते, हुकूम टाईपसुद्धा झाला होता. सही तेवढी राहिली. तेवढ्यात छप्पन सालचा नोव्हेंबर उजाडला आणि मलकापूर मुंबई राज्यात गेलं. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. लग्नात आमचे अठ्ठावीस गुण जुळले होते, पण पत्रिका बघणाऱ्या गुरुजींनी राज्य पुनर्रचनेचं घर पाहिलंच नव्हतं.

सुमन म्हणाली, “मी पुन्हा अर्ज करते.” मी म्हणालो, “काही गरज नाही. दोन राज्यांत कागद फिरणार, त्यात तुझी नोकरी जायची. मीच येतो तिकडे, बी. ए. होऊन.” मलकापूरच्या एका हायस्कुलात मास्तराची जागा होती, तिथल्या हेडमास्तरांनी जूनपर्यंत ती राखायचं कबूल केलं होतं. अट एकच, बी. ए. व्हायचं. म्हणजे मी आणि माझी बायको यांच्यात आता विंध्य नव्हता, सातपुडा नव्हता, इंग्रजीचा एक पेपर होता.

“घड्याळ लावून सराव कर,” असं शालिग्रामभाऊंनी सांगितलं. घड्याळ होतं. सासऱ्यांनीच लग्नात दिलेलं, मनगटी. पण गंमत अशी, की त्या घड्याळात मला वेळ दिसत नसे. सात वाजलेले दिसले की वाटायचं, आता तिने चूल पेटवली असेल. साडेदहा म्हणजे शाळेची घंटा. पावणेदोन म्हणजे डबा उघडून बसली असेल, लोणचं विसरली असेल, शेजारच्या बाईकडून मागून घेत असेल. किती मिनिटं उरली हे पाहायला मान खाली घालायची आणि मान वर येईपर्यंत वीस मिनिटं मलकापुरात राहून यायचं. असल्या घड्याळावर कोण पास होणार?

हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोची आठवण येते हे सांगायचं म्हणजे काय? नऊ वर्षं नोकरी झालेला माणूस मी. पण आमच्या भिंतीला भिंत लागून दगाभाऊ विणकराचं घर होतं, आणि भिंत तशी पातळ. एके सकाळी तो दारात येऊन उभा राहिला.

“भाऊ, तुमी ते घड्याय काढून ठेवा बरं पेटीत.”

“का?”

“मंग काय तर! दर घडी सुस्कारा टाकता तुमी. मी मागावर बसतो तं भिंतीतून ऐकू येते. माह्या धोट्याची चाल बिघडते ना!”

मी त्याला म्हणालो की तो सुस्कारा नव्हे, इंग्रजी उच्चाराचा सराव आहे. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तीन घंट्यात माह्या मागावर पाच हात लुगडं होते. सवाल किती हायेत तुमचे?”

“पाच.”

“मंग झालं की! एक हात, एक सवाल. मी भिंतीवर थाप मारतो, तुमी पान पलटा.”

हसू नका. मीसुद्धा आधी हसलो होतो. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला तिकडे दगाभाऊ मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि इकडे मी टेबलाशी. खटक-खट, खटक-खट. चार दिवसांत माझी लेखणी मागाच्या तालावर चालायला लागली. भिंतीवर थाप पडायची, “भाऊ, येक हात!” मी निबंध सोडून सारांशाकडे. थाप, “दोन हात!” मी सारांश सोडून कवितेकडे. पाचव्या थापेला पाचवा प्रश्न संपायचा. दोन वर्षांत जे विद्यापीठाला जमलं नाही ते एका मागाने जमवलं.

अडचणी आल्याच. दगाभाऊचं बायकोशी, शोभावहिनींशी, वाजलं की तो रागाच्या भरात सुताचा धोटा ताण्यातून असा फेकायचा की माझी लोकशाही पावणेबारा ओळींत आटोपायची. दोघांचा अबोला सुटला की माग असा लाडात चालायचा की एकेका वाक्यात मी तीन-तीन उपवाक्यं घालायचो. आणि तार तुटली की तो थांबायचा, म्हणून मीही थांबायचो. एकदा मी ‘परंतु’पाशी सतरा मिनिटं हात उचलून बसलो होतो. दगाभाऊची आई गोदाबाई ताक घेऊन आली होती, तिने ते पाहिलं आणि ओरडली, “अरे दग्या, लवकर सांध तार! भाऊले काही तरी झालं वाटते!”

सगळी गल्ली सल्ले देऊ लागली. पोस्टमन चुडामण रोज पत्रं वाटता वाटता विचारायचा, “आज कितवा हात?” शालिग्रामभाऊंनी मात्र मोलाचं सांगितलं. पाचवा प्रश्न पत्राचा असतो, दरसाल तोच तुझा राहतो, आणि पत्राचे वीस गुण म्हणजे फुकटचे. “कारकून ना तू? दिवसाला चाळीस पत्रं लिहितोस. तोच सवाल पहले करून टाक. एका हाताच्या आत होईल, उरलेला वेळ निबंधाला.” दगाभाऊलाही पटलं. पत्र आधी, हे सर्वानुमते ठरलं.

परीक्षेच्या परवानगीचं मी सांगत बसत नाही. आमच्याच कचेरीतून आमच्याच कचेरीला ती मिळवायची होती आणि कागद माझ्याच टेबलावरून पुढे जायचा होता, तरी त्याला दोन महिने लागले. मीच त्यावर एकदा ‘जुनी फाइल जोडावी’ असा शेरा मारून तो परत पाठवला होता. नियम म्हणजे नियम.

एप्रिलात खंडव्याला केंद्र होतं. निघताना गोदाबाईने हातावर दही घातलं, दगाभाऊने धोटा माझ्या कपाळाला लावला. पेपर सकाळी सातचा. मी घड्याळ धर्मशाळेत पेटीत ठेवलं आणि केंद्रावर गेलो.

घंटा झाली. कागद हातात आले. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या मोठ्या खोलीत कसलाच आवाज नाही.

कसलाच म्हणजे कसलाच नाही! सव्वाशे माणसं माना खाली घालून बसलेली. माझा हात कागदावर, लेखणी हातात, आणि हात काही चालेना. मनातल्या मनात खटक-खट म्हणून पाहिलं. नाही. मग हळूच टाचेने फरशीवर ताल धरला. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीला पर्यवेक्षक माझ्यापाशी.

“क्या कर रहे हैं आप?”

“समय देख रहा हूँ, सर.”

“पैर से?”

पुढच्या बाकावरचा पोरगा खुदकन हसला. माझ्या वयाच्या माणसाला कान धरून बाहेर काढतील की काय असं वाटलं. पाय आवरला, तसा हातही थांबला. म्हटलं श्रीकांत, संपलं. मलकापूरची जागा गेली. मग शालिग्रामभाऊंचा शब्द आठवला, पत्र आधी. पाचवा प्रश्न वाचला. ‘आपले गाव पाहण्यास येण्याचे निमंत्रण देणारे पत्र मित्रास लिहा. मर्यादा दोनशे शब्द.’

मित्र म्हणून कोणाचं नाव घालावं? शालिग्राम लिहावं तर ते बऱ्हाणपुरातच राहतात, त्यांना निमंत्रण कशाला? नाव सुचेना म्हणून नुसतं ‘माय डियर एस.’ असं घातलं. आणि काय सांगू, हात सुटला! माग नाही, थाप नाही, काही नाही. हात आपला आपण चालला.

मी लिहिलं की तू ये. इथे राजघाटावर संध्याकाळी पायऱ्या गार होतात. मी तिथे रोज जाऊन बसतो आणि तापीचं पाणी बघतो, कारण हेच पाणी पुढे भुसावळच्या पुलाखालून जातं, आणि त्या पुलावरून गेल्याशिवाय तुझ्याकडे येता येत नाही. पाण्याला तिकीट लागत नाही, त्याला राज्यही विचारत नाहीत. मी लिहिलं की जेवायला बसताना मी चुकून दोन पाट मांडतो, आणि एक पुन्हा उचलून भिंतीशी ठेवतो. शाहपूरच्या बाजारातून केळी आणली तर डझन आणतो, आणि शेवटची चार काळी पडतात. तू गेल्या सुट्टीत दाराच्या खिळ्याला अडकवलेली पिशवी मी अजून काढलेली नाही. तिच्यात काही नाही, पण ती असली की वाटतं तू बाजारातून आत्ताच आलीस. हे सगळं इंग्रजीत, बरं का! क्रियापदं आपापल्या जागी, अव्ययं जागच्या जागी. इतकं इंग्रजी माझ्यात आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

“एक घंटा बचा है,” असं पर्यवेक्षक ओरडले तेव्हा मी पत्राच्या अकराव्या पानावर होतो.

उरलेल्या तासात निबंध अर्धा, सारांश पाव, बाकी राम राम. पत्राखाली मात्र मी सही केली नाही. एवढं भान राहिलं.

परत आलो तर गल्ली वाट बघत उभी. दगाभाऊने विचारलं, “निबंध किती हात?” “अर्धा.” “कविता?” “नाही.” “अन् चिट्ठी?”

“साडेतीन.”

दगाभाऊच्या तोंडचं पाणी पळालं. “साडेतीन हात चिट्ठी? भाऊ, एवढी कोणाले लिहली?” गोदाबाई उंबऱ्यात गहू निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “काय विचारतं रे येड्या? सुमनले लिहली आसंल.” मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

मे महिन्याच्या सुट्टीत सुमन आली. मी ठरवलं होतं, परीक्षेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पण ती टांग्यातून उतरते न उतरते तोच दगाभाऊ पुढे झाला. “वहिनी, भाऊनं पेपरात तुमालेच साडेतीन हात चिट्ठी लिहली! बाकी सगळे सवाल बुडाले!”

सुमन हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. हातपाय धुऊन झाल्यावर ओट्याशी येऊन उभी राहिली.

“काय लिहिलं होतंत?”

“असंच. परीक्षेपुरतं.”

“सांगा.”

मी भिंतीकडे बघत इंग्रजीत सांगायला लागलो. पाटाचं सांगितलं, केळ्यांचं सांगितलं. पिशवीपाशी आल्यावर तिने दाराकडे पाहिलं. पिशवी खिळ्यावर होती.

“मराठीत सांगा.”

“मराठीत लाज वाटते.”

ती वळली. ट्रंकेतून पोस्टकार्डांचा एक गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. “हे बघा. अडीच वर्षांतली एकाहत्तर कार्डं. सगळ्यांवर एकच. ‘तुझे पत्र मिळाले, मजकूर कळला, इकडील सर्व क्षेम.’ एकाहत्तर वेळा सर्व क्षेम!”

“पोस्टकार्ड सगळे वाचतात, सुमन. चुडामण तर मोठ्याने वाचतो.”

“आमच्या मोठ्या बाईंनी दोनदा विचारलं मला, बदलीचा अर्ज करायचा का तिकडे, मी शिफारस करते म्हणून. दोन्ही वेळा मी नको म्हटलं.” तिचा आवाज फाटला. “मला वाटलं, तुम्ही खरंच क्षेम आहात. मीच आपली एकटी वेड्यासारखी रडत बसते तिकडे.”

मी सरळ कपाळाला हात लावून खाली बसलो. दोन वर्षं मी इंग्रजीशी झुंजत होतो, आणि पेच होता मराठीत लिहिलेल्या दोन शब्दांचा! मी तिला म्हणालो, “माझं चुकलं. मला करमत नाही. अजिबात करमत नाही.” हे मराठीत म्हणालो. पलीकडे माग चालू होता तो थांबला. भिंत पातळ आहे हे मी सांगितलंच आहे. पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

मग सुमनने डोळे पुसले, टेबलावरचा फुलस्केप ओढला आणि म्हणाली, “चला, घाला अर्ज. इंग्रजीत घाला, आमच्या शिक्षण कचेरीत इंग्रजीचा मान मोठा.” समास सोडला, विषय घातला, संदर्भ घातला, कारणं तीन, विनंती एक. शेवटी ‘आदेशार्थ सादर’. रेघ ओढून कागद तिच्यापुढे केला, तिने सही केली. मी भिंतीवर थाप मारली. “दगाभाऊ, किती झालं?”

“अर्धा हातबी नाही, भाऊ!” तिकडून ओरड आली. “आता आलं तुमाले इंग्रजी!”

सुट्टी संपली, सुमन गेली. अर्ज रीतसर मार्गाने निघाला आणि महिन्याभरातच त्याच्यावर पहिला खुलासा मागवला गेला. ‘अर्जदार बाईंचे पती नक्की कोणत्या राज्यात मोडतात ते स्पष्ट करावे.’ माणूस काय स्पष्ट करणार? मी सविस्तर उत्तर पाठवलं आहे. जूनअखेर निकाल लागला. इंग्रजीत सत्तावीस, पासाला तेहतीस लागतात. हायस्कुलातली जागा दुसऱ्या कोणाला दिली गेली. शालिग्रामभाऊंनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पत्राला विसापैकी एकोणीस असतील बघ. कोण देतो रे कारकुनाला एकोणीस?”

त्या संध्याकाळी मी राजघाटावर पोस्टकार्ड घेऊन बसलो. पाणी नेहमीसारखं भुसावळकडे चाललं होतं. मी लिहिलं, ‘प्रिय सुमन, तुझे पत्र मिळाले. मजकूर कळला. निकाल लागला, सहा गुणांनी गेलो. इकडे काहीही क्षेम नाही.’ उघडं कार्ड, सगळ्यांना वाचता येईल असं, मोठ्या अक्षरात. आणि उठून चुडामणच्याच हातात नेऊन दिलं.

अर्ध्या तासात गोदाबाई खिचडीचं पातेलं घेऊन दारात. “का रे भाऊ, क्षेम काहून नाही? ताप आला का? चुडामण सांगत होता.” मागोमाग दगाभाऊ, त्याच्यामागे शोभावहिनी पापड घेऊन. मी म्हणालो, “ताप नाही, गोदाबाई. बायकोची आठवण येते.” गोदाबाईने पातेलं खाली ठेवलं. “मंग असं सांग ना बाप्पा,” ती म्हणाली आणि स्वतःच पाट मांडायला लागली. दोन मांडले. मी दुसरा उचलला नाही.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. चुडामणने गल्लीच्या तोंडापासूनच कार्ड वर धरलं होतं, पण या खेपेला त्याने ते मोठ्याने वाचलं नाही. माझ्या हातात दिलं आणि सायकल हातात धरून तिथेच उभा राहिला. सुमनचं बारीक, गोल अक्षर. दोनच ओळी होत्या.

‘आपले पत्र मिळाले. मजकूर कळला. इकडेही काहीच क्षेम नाही. वाचून फार बरे वाटले.’